कोबी, दोरी आणि काळोख

एक कोबी दोरीला टांगलेला आहे. त्याच्या डावीकडे, थोडं वर, दुसऱ्या दोरीला एक पिवळं फळ. उजवीकडे खाली, दगडी कट्ट्यावर कापलेलं खरबूज आणि त्याची एक फोड. अगदी उजवीकडे एक काकडी, कट्ट्याच्या कडेबाहेर डोकावणारी. मागे काळोख. बास, एवढंच चित्र.

हे चित्र स्पेनमधल्या टोलेडो शहरात साधारण १६०२ च्या सुमारास रंगवलं गेलं. चित्रकाराचं नाव हुआन सांचेझ कोतान. चित्र मोठं नाही, साधारण ६९ बाय ८४ सेंटिमीटर. सध्या ते अमेरिकेत, सॅन दिएगोच्या कलासंग्रहालयात आहे. त्याचं नाव वाचलंत तर बाजारात जाताना कुणीतरी चिठ्ठी हातात दिल्यासारखं वाटेल: ‘क्विन्स, कोबी, खरबूज आणि काकडी’. (क्विन्स म्हणजे सफरचंद-पेअरच्या कुळातलं एक पिवळं, तुरट फळ. सहसा कच्चं खात नाहीत, शिजवून गोड करतात. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘मार्मेलो’ म्हणतात. आपल्या ब्रेडवरचा ‘मार्मालेड’ हा शब्द तिथून आला.)

फोनवर हे चित्र शोधा, ब्राइटनेस वाढवा आणि एक गोष्ट करून बघा. क्विन्सवर बोट ठेवा. तिथून कोबीवर, मग खरबुजावर, मग काकडीवर आणा. बोट सरळ रेषेत जात नाही. आधी ते झपकन खाली उतरतं, मग हळूहळू आडवं होत जातं. एक स्वच्छ वक्ररेषा तयार होते. आणि ती फक्त कागदावर काढल्यासारखी सपाट नाही. खरबुजाची फोड आणि काकडी कट्ट्याच्या पुढे आलेली आहेत, म्हणजे ही रेषा खाली उतरता उतरता तुमच्या दिशेनेही वळते. उरलेला, उजवीकडचा वरचा मोठा भाग पूर्ण रिकामा आहे. तिथे फक्त काळा रंग आहे.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल, तिथे वस्तूंचं चित्र आणि भूमिती हे वेगवेगळे पेपर असतात. एका दिवशी तांब्या, फळं आणि मागे लावलेलं कापड, दुसऱ्या वेळी कंपास, पट्टी, शंकू, प्रचिन. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येऊ शकतात असं कुणी सुचवत नाही. कोतानने त्या आणल्या आहेत, त्याही अशा की कुठे भाजी संपते आणि कुठे भूमिती सुरू होते ते सांगता येत नाही.

म्हणूनच हे चित्र इंटरनेटवर फिरतं तेव्हा त्याखाली एक कौतुक हमखास असतं: ‘मॉडर्न आर्टच्या तीनशे वर्षं आधी मॉडर्न!’ कौतुक मनापासूनचं असतं, पण मला ते पटत नाही. जुन्या माणसाला शाबासकी द्यायची तर ‘तू आमच्यासारखा होतास’ असं म्हणणं, ही जरा आपलीच पाठ थोपटून घेण्याची रीत आहे. कोतानला पिकासोची वाट बघायची नव्हती. त्याच्या कोबीभोवतीची भूमिती त्याच्या शहरातून, त्याच्या स्वयंपाकघरातून आणि बहुधा त्याच्या स्वभावातून आली आहे. तिथेच तिला शोधायला हवं.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. फळं-भाज्या दोरीला टांगायच्या, हे कोतानने चित्रासाठी शोधून काढलेलं नाटक नाही. फ्रिज नसलेल्या जगात अन्न टांगून ठेवणं ही अगदी साधी गोष्ट आहे. आपल्याकडचं शिंकं आठवा. दही-लोणी मांजराच्या, मुंग्यांच्या आणि एका सुप्रसिद्ध बाळाच्या तावडीतून वाचवायला ते आढ्याला टांगलेलं असायचं. कॅस्टिलमधल्या घरांतही थंड, अंधाऱ्या कोठारात फळं आणि पक्षी असे लटकवत, म्हणजे हवा लागते आणि एकमेकांना टेकून ती लवकर सडत नाहीत. कोतानच्या चित्रातली दगडी चौकट ही अशाच कोठाराची खिडकी किंवा कोनाडा आहे. बाहेरून ऊन पडतं, आत काळोख.

पण खऱ्या कोठारात एकच क्विन्स एका दोरीला आणि एकच कोबी दुसऱ्या दोरीला, मध्ये हातभर मोकळी जागा सोडून, कोण टांगेल? कापलेलं खरबूज कुणी तसंच कट्ट्यावर उघडं टाकेल? माश्या येतील. म्हणजे सवय घरातली आहे, मांडणी घरातली नाही. कोतानने घरातली सवय उचलली आणि तिच्यातून घर काढून टाकलं.

ही मांडणी किती मोजूनमापून केलेली होती? विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी या चित्रावर रेषा आखून पाहिल्या आणि काहींनी म्हटलं की ही वक्ररेषा म्हणजे हायपरबोला, मराठी पाठ्यपुस्तकातला ‘अपास्त’. अपास्त बघायचा असेल तर फोनचा टॉर्च भिंतीजवळ, भिंतीला समांतर धरा. भिंतीवर प्रकाशाची जी वाकडी कड उमटते, ती अपास्ताच्या जातीची असते. दोन्ही टोकांना ती सरळ होत जाते, पण पूर्ण सरळ कधीच होत नाही.

मला विचाराल तर इथे थोडं सावध राहावं. चार वस्तूंवरून कुठली तरी वक्ररेषा नेणं अवघड नाही, आणि मग तिला आपल्या आवडीचं नाव देणं त्याहून सोपं. तरीही एवढं नक्की म्हणता येतं, की १६०० च्या आसपासच्या स्पेनमध्ये भूमिती हवेत होती. शंकूपासून निघणाऱ्या वक्रांवरचा अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाचा ग्रंथ फेदेरिको कोमांदिनोच्या लॅटिन भाषांतरात १५६६ साली इटलीत छापला गेला होता. युक्लिडची पहिली सहा पुस्तकं रोद्रिगो सामोरानोने १५७६ मध्ये सेव्हिलमध्ये स्पॅनिशमध्ये आणली. दुसऱ्या फिलिप राजाने १५८२ मध्ये गणिताची अकादमी काढली आणि तिच्या कामात एस्कोरियल राजवाड्याचा वास्तुविशारद हुआन दे हेरेरा पुढे होता. १५८५ मध्ये सोनार असलेल्या हुआन दे आर्फेने कारागिरांसाठी मापांचं आणि भूमितीचं पुस्तक काढलं. सोनार, सुतार, गवंडी, चित्रकार, सगळ्यांच्या हातात तेव्हा कंपास होता. भूमिती ही तेव्हा उच्च कलेची गूढ गोष्ट नव्हती, ती कामाच्या टेबलावरची वस्तू होती.

दोरीला टांगलेली भूमितीही नवी नव्हती. लुका पाचोली हा इटालियन गणितज्ञ संन्यासी एका चित्रात विद्यार्थ्यासारख्या दिसणाऱ्या तरुणाबरोबर उभा आहे. चित्रावर १४९५ हे साल आहे आणि ते नेपल्समध्ये आहे. त्याच्या बाजूला, हवेत, एका दोरीला काचेचा एक घन लटकतोय: १८ चौरस आणि ८ त्रिकोण अशा २६ पृष्ठांचा, अर्धा पाण्याने भरलेला. बघणाऱ्याला कळतं की हा विचारांचा पदार्थ आहे, बाजारातला नाही. कोतानने हे चित्र पाहिलं होतं असं मी म्हणत नाही. पण दोन चित्रं शेजारी ठेवली की गंमत कळते. पाचोलीजवळच्या दोरीला कल्पनेतला आकार टांगलेला आहे आणि तो डोळ्यांसमोर खरा झाला आहे. कोतानच्या दोरीला खरा कोबी आहे आणि तो कल्पनेतला वाटायला लागला आहे.

हे ‘वाटणं’ म्हणजेच खरा मुद्दा आहे. आपण मराठीत ‘ॲबस्ट्रॅक्ट’ला अमूर्त म्हणतो, म्हणजे ज्याला आकार नाही, रूप नाही. त्यामुळे आपल्या डोक्यात लगेच रंगांचे पट्टे नाहीतर ठिपके येतात. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वेगळा आहे: ओढून बाजूला काढणं. त्यात रूप जायलाच हवं असं नाही. कोतानचा कोबी तर भलताच मूर्त आहे. पानांच्या कडा, शिरा, आतल्या घड्या, उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू, सगळं एकेक करून रंगवलेलं. खरबुजाच्या बिया मोजाव्यात इतक्या स्पष्ट आहेत. रूप तसूभरही कमी झालेलं नाही. कमी झालंय ते बाकी सगळं. टेबल नाही, टेबलक्लॉथ नाही, सुरी नाही, हात नाही, घर नाही, जेवणाची वेळ नाही. वस्तू तशीच ठेवून तिच्याभोवतीचं जग बाजूला ओढून काढलेलं आहे. आणि जग गेल्यावर वस्तूंमध्ये जे उरतं, ते अंतर, उंची, वजन आणि एकमेकांशी असलेला कोन. म्हणजे भूमिती.

आता शहराकडे बघू. टोलेडो हे एकेकाळचं राजधानीचं शहर. १५६१ मध्ये दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलवला आणि टोलेडोचा भाव उतरत गेला. सरदार गेले, चर्च राहिलं. १५९६ ते १६०२ या वर्षांत कॅस्टिलमध्ये प्लेगची भयानक साथ होती आणि तिच्या आसपास पिकं बुडाल्याची वर्षं. याच शहरात तेव्हा एल ग्रेको आपले लांबट, ज्वाळेसारखे संत रंगवत होता. त्याच गावात, त्याच काळात, दुसरा एक चित्रकार कोबी टांगून बसला होता. युरोपात इतरत्रही खाण्याच्या वस्तूंची चित्रं नुकतीच स्वतःच्या पायावर उभी राहत होती. काराव्हाज्जोची प्रसिद्ध फळांची परडी याच सुमाराची. पण त्या परडीत भरगच्च फळं आहेत, किडलेली पानं आहेत, पिकण्याचा आणि सडण्याचा वास येतो. कोतानच्या चित्राला वास नाही.

उपासमारीच्या काळात रिकामं कोठार रंगवणं म्हणजे काय? यावर आपल्याला हवं तेवढं भावुक होता येईल, पण चित्र भावुक होत नाही. ते भूक दाखवत नाही आणि सुबत्ताही दाखवत नाही. ते फक्त म्हणतं: एक कोबी. नीट बघ.

मग १६०३ मध्ये कोतानने दुकान बंद केलं. वय त्रेचाळीसच्या आसपास. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने आपल्या मालमत्तेची यादी करवून घेतली आणि कार्थुजियन संन्याशांच्या पंथात जायला निघाला. हा ख्रिस्ती संन्याशांमधला अत्यंत कडक पंथ. प्रत्येकजण आपल्या कोठडीत एकटा, दिवसाचा बहुतेक भाग मौन, मांस आयुष्यभर वर्ज्य. कोतान तिथे धर्मगुरू झाला नाही, काम करणारा साधा ‘बंधू’ झाला. ग्रानादाच्या मठात त्याने पुढची वर्षं काढली, मठासाठी धार्मिक चित्रं रंगवली आणि १६२७ मध्ये तिथेच तो वारला.

गोष्ट इतकी जुळून येते की मोह आवरत नाही. कोबीचा चित्रकार मांसत्यागी संन्यासी होतो! नॉर्मन ब्रायसन या इंग्रजी लेखकाने १९९० च्या आपल्या स्थिरचित्रांवरच्या पुस्तकात या दोन गोष्टी जोडून दाखवल्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही चित्रं खाण्याची इच्छा नजरेतून काढून टाकण्याचा सराव आहेत. अन्नाला भूमितीत बांधलं की जीभ गप्प बसते आणि डोळा जागा होतो. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्याच वेळी एक व्यवहारी शंकाही येते. ही चित्रं मठात जाण्याआधीची आहेत. ती विकण्यासाठी केलेली आहेत. टोलेडोमधल्या शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांना ती आवडत होती. शहराचे आर्चबिशप, कार्डिनल बर्नार्दो दे सांदोव्हाल इ रोहास यांच्याकडे कोतानची स्थिरचित्रं होती, आणि १६१८ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या संग्रहातली स्थिरचित्रं राजा तिसऱ्या फिलिपकडे गेली.

(इथे सांगण्यासारखी एक आडवळणाची गोष्ट. हाच तिसरा फिलिप तेव्हा पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोव्याचाही. आणि आपला ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कोव्ह’वरून आला. राजाच्या महालात कोतानच्या भाज्या भिंतीवर गेल्या, त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला भाजी आणि तिचं नाव आपल्या तोंडात रुळत होतं. काकडीने मात्र उलटा प्रवास केला. ती मूळची आपल्याकडची, हिमालयाच्या पायथ्याची.)

माझं मत विचाराल तर साधना की बाजार, हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. विकत घेणारे लोकही त्याच चर्चमध्ये जात होते, त्यांनाही तेच उपास होते. संयम ही टोलेडोच्या श्रीमंतांची आवडही असू शकते आणि चित्रकाराची प्रामाणिक ओढही. आज महागड्या हॉटेलात मोठ्या पांढऱ्या प्लेटच्या मध्यभागी चमचाभर पदार्थ येतो, तेव्हा रिकाम्या जागेचेही पैसे घेतलेले असतात, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

पण बाजाराची बाजू लक्षात घेतली की एक फार उपयोगाचा पुरावा हाताला लागतो. शिकागोच्या कलासंग्रहालयात कोतानचं आणखी एक चित्र आहे. तेच क्विन्स, तोच कोबी, तेच खरबूज, तीच काकडी. अगदी त्याच जागांवर. मात्र इथे रिकाम्या काळ्या भागात मारलेले पक्षी टांगले आहेत. म्हणजे ही वक्ररेषा कोतानकडे तयार साच्यासारखी होती आणि त्याने ती पुन्हा वापरली. मालमत्तेच्या यादीतही एका चित्राची नोंद बाकीच्यांचं ‘मूळ’ अशी येते. भाज्या तर आठवड्यात सुकून गेल्या असत्या. टिकली ती त्यांची मांडणी.

दोन्ही चित्रं फोनवर एकामागून एक उघडून बघा. शिकागोचं चित्र वाईट नाही, पक्ष्यांची पिसं सुंदर आहेत. पण तिथे नजर थबकत नाही, ती यादी वाचल्यासारखी पुढे सरकते. भरलेलं कोठार दिसतं, शिकारीनंतरची संध्याकाळ दिसते, जेवण दिसतं. एकच गोष्ट बदलली: काळोख भरून गेला. आणि वक्ररेषा तिथेच असूनही दिसेनाशी झाली. यावरून मला वाटतं की त्या चित्राची भूमिती चार वस्तूंमध्ये नाहीच. ती उजवीकडच्या त्या काळ्या रिकाम्या तुकड्यात आहे.

कोतानच्या हाताची म्हणून मानली जाणारी स्थिरचित्रं आज अगदी मोजकी उरली आहेत. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या चित्रावर त्याची सही आणि १६०२ साल आहे. त्यात लिंबं आहेत, सफरचंदं आहेत, तितर आहेत आणि उजवीकडे कार्डून, म्हणजे आर्टिचोकच्या कुळातली जाड देठांची भाजी. तिचा गड्डा धनुष्यासारखा वाकलेला आहे. ग्रानादामधल्या चित्रात तर सगळंच गळून गेलंय. एक कार्डून, थोडी गाजरं आणि काळोख.

कोतानच्या पुढच्या पिढीत हा धागा फ्रान्सिस्को दे झुर्बारानने उचलला. त्याने स्वतःची सही आणि साल घातलेलं एकच स्थिरचित्र आपल्याला माहीत आहे. १६३३ चं ते चित्र कॅलिफोर्नियातल्या पासादेना शहरात, नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. डावीकडे ताटात लिंबासारखी मोठी पिवळी फळं, मध्ये टोपलीत संत्री आणि वर त्यांची फुलं, उजवीकडे चांदीच्या ताटलीत पाण्याचा पेला आणि कडेला एक गुलाब. तीन गट, एका रेषेत, एकमेकांना न शिवता. मागे पुन्हा काळोख. तीन म्हणजे ख्रिस्ती त्रिमूर्ती, गुलाब म्हणजे मेरी, असे अर्थ लावले जातात आणि ते त्या काळाला धरूनच आहेत. पण मला जास्त बोलकी वाटते ती क्ष-किरणांनी उघड केलेली गोष्ट. रंगाच्या खाली आणखी एक बशी सापडली. साखरेच्या पाकातल्या रताळ्यांची ती बशी होती, असं अभ्यासक सांगतात. झुर्बारानने ती आधी रंगवली आणि नंतर पुसून टाकली.

त्या बशीबद्दल मला फार वाटतं. ती रंगवायला वेळ गेला असणार. रताळी तेव्हा अमेरिकेतून आलेला, कौतुकाचा, महागातला गोड पदार्थ. ग्राहकाला आवडलाच असता. पण बशी ठेवली असती तर चार गट झाले असते, मधलं अंतर भरलं असतं आणि तीन गटांमधली ती घट्ट शांतता मोडली असती. चित्रातली भूमिती बहुतेक वेळा आपल्याला आखलेली रेषा म्हणून दिसते. इथे ती खोडलेली बशी म्हणून दिसते.

याच झुर्बारानने सेव्हिलच्या कार्थुजियन मठासाठी एक मोठं चित्र केलं. पंथाची एक आख्यायिका आहे: एकदा संन्याशांच्या पानात मांस आलं. ते खावं की नाही यावर ते चर्चा करू लागले आणि चर्चा करता करताच गाढ झोपी गेले. कित्येक दिवसांनी, उपासाच्या काळात, संत ह्यूगो आले, तेव्हा ते जागे झाले आणि पुढ्यातल्या मांसाची राख झाली. चित्रात संन्यासी पांढऱ्या वस्त्रांत रांगेत बसलेत, पुढ्यात लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, आणि वाट्या, पाव, सुरया ठरावीक अंतराने मांडलेल्या. माणसांपेक्षा त्या टेबलाची आडवी रेषाच चित्राची नायिका आहे. इथे ब्रायसनचं म्हणणं अचानक अगदी खरं वाटतं. खाऊ की नको हा वाद आणि वस्तूंमधलं मोजलेलं अंतर एकाच टेबलावर आहेत.

स्पेनबाहेरही असं घडत होतं. फ्रान्समध्ये ल्युबाँ बोजाँ याने १६३० च्या दशकात रंगवलेलं एक चित्र लूव्र संग्रहालयात आहे. ताटलीत नळीसारखी गुंडाळलेली वेफर बिस्किटं, एक काचेचा पेला, एक वेष्टण घातलेली बाटली. वर्तुळ, नळकांडं, कोन. पण तिथला निळा टेबलक्लॉथ आणि पेल्यातली लाल वाइन तुम्हाला बसायला बोलावतात. फ्रेंच भूमिती पाहुणचार करते. स्पॅनिश भूमिती तुम्हाला खिडकीबाहेर उभं ठेवते.

मग हे सगळं ‘मॉडर्न’ वाटतं ते का? त्याचं कारण चित्रांत कमी आणि आपल्या डोळ्यांत जास्त आहे. बराच काळ स्थिरचित्र हा प्रकारच खालच्या पायरीचा मानला जाई. राजे, संत, लढाया वर आणि भाजी तळाशी. १९०४ मध्ये सेझानने एका तरुण चित्रकाराला पत्रातून सल्ला दिला की निसर्गाकडे नळकांडं, गोल आणि शंकू यांच्या रूपात पाहा. मग क्युबिस्ट आले. त्यांतला हुआन ग्रीस तर स्पॅनिशच, आणि त्याचा मुख्य विषय स्थिरचित्र. त्यांनी लोकांना टेबलावरच्या बाटलीत आणि बशीत रचना बघायला शिकवलं. १९३५ मध्ये माद्रिदमध्ये जुन्या स्पॅनिश फुलापानांच्या आणि खाद्यपदार्थांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते बघायला आलेल्या डोळ्यांनी क्युबिझम पाहिलेला होता. सॅन दिएगोला कोबीचं चित्र मिळालं ते १९४५ मध्ये. जुनी चित्रं तीच होती. वाचणारी लिपी नवी होती.

हे वाईट आहे असं नाही. नवी लिपी आली नसती तर कदाचित ती चित्रं अडगळीत राहिली असती. पण त्या लिपीत एक अक्षर कमी आहे. क्युबिस्टांनी वस्तू फोडली, तिच्यातला आकार बाहेर काढला आणि वस्तूला सोडून दिलं. कोतानने आकार काढला आणि वस्तूही राहू दिली. सॅन दिएगोच्या चित्रात झूम करा. काकडीची सावली कट्ट्याच्या उभ्या कडेवर पडलेली दिसेल. ती सावली नसती तरी वक्ररेषेचं काही बिघडलं नसतं. सावली आहे म्हणून ती काकडी ‘उजवीकडचा शेवटचा बिंदू’ होत नाही, काकडीच राहते.

ग्रानादाच्या मठात, संन्याशांच्या जेवणघराच्या भिंतीवर, कोतानने एक क्रूस रंगवला. साधा लाकडी क्रूस, त्यावर येशू नाही, फक्त लाकूड आणि खिळे. दोन रेषा, एक उभी, एक आडवी. याहून कमी भूमितीत चित्र होत नाही. पण लाकडाचे रेषे आणि खिळ्यांची सावली इतकी खरी, की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पालोमिनो या चित्रकार-चरित्रकाराने लिहून ठेवलं: आत शिरलेले पक्षी त्या खिळ्यांवर बसायला जातात. खरंखोटं पक्ष्यांना माहीत. क्रूस अजून तिथे आहे, आणि त्याच्याखाली बसून कित्येक पिढ्यांनी मुकाट्याने, मांसाशिवाय, भाजी-भाकरी खाल्ली.